आरोग्यचिंतन : केंद्रकाची साक्ष

वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी २०२४ साली दोन वृद्ध स्त्रियांच्या आजाराची हकिकत ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पहिली स्त्री सत्तर वर्षांची. परकराची नाडी ज्या जागी आवळली जाते, नेमक्या त्या जागी तिच्या कुशीवर दीड वर्षापासून एक व्रण होता. दुसरी साठी ओलांडून सत्तरीकडे झुकलेली. चाळीस वर्षे ती परकराविना लुगडे कमरेशी घट्ट आवळून नेसत आली होती, आणि तिचा व्रण दोन वर्षांचा होता. दोघींच्याही व्रणाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला तेव्हा निदान एकच निघाले : त्वचेचा कर्करोग. दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचलेला होता.

वर्धा हा यवतमाळचा शेजारी जिल्हा. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा या भागांतील घराघरांत आजही लुगडे नेसणाऱ्या आजी आहेत आणि धोतराखेरीज दुसरे वस्त्र अंगाला न लावणारे आजोबाही आहेत. कमरेवर काळपट पट्टा पडणे, तेथील कातडी जाड होणे, उन्हाळ्यात ती सोलवटणे, या गोष्टी इतक्या सवयीच्या आहेत की त्या कोणी कोणाला सांगत नाही. म्हणून या दोन हकिकतींतील आजाराच्या नावापेक्षा त्यातील कालावधी अधिक विचार करायला लावतो. दीड वर्ष आणि दोन वर्षे. एवढ्या काळात त्या व्रणाच्या पेशींमध्ये काय घडत होते, आणि तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांना ते कशावरून कळले, हे समजून घेतले तर न भरणाऱ्या जखमेकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

धोतराचा कर्करोग : एक जुनी नोंद

कमरेवरच्या या आजाराची दखल मुंबईत फार पूर्वी घेतली गेली. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतीयांच्या राहणीमानाचा आणि कर्करोगाचा संबंध त्यांनी चिकाटीने शोधला. १९४५ साली त्यांनी व सूर्याबाई या सहकारी संशोधिकेने एका शोधनिबंधात चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगांचे भारतातील तीन नवे प्रकार मांडले. त्यांपैकी एक ‘धोतराचा कर्करोग’ होता. काश्मीरमध्ये थंडीपासून बचावासाठी पोटाशी धरल्या जाणाऱ्या कांगडीमुळे पोटाच्या व मांडीच्या त्वचेला होणारा कर्करोग त्याआधीपासून वैद्यकाला ठाऊक होता. खानोलकरांनी दाखवले की निखाऱ्यांची धग नसतानाही, नुसत्या रोजच्या घर्षणाने कातडी त्याच वाटेने जाऊ शकते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पूजेच्या वेळी घटकाभर नेसलेली धोती किंवा सणासुदीला नेसलेली नऊवारी याला कारण ठरत नाही. दशकानुदशके एकाच जागी, रोज, घामाने ओल्या कातडीवर पडणारा आवळ हे त्याचे कारण. तोही बहुसंख्य लोकांत केवळ डाग उमटवून थांबतो. व्रण झाला, तो भरला, पुन्हा फुटला आणि हे वर्षानुवर्षे चालले, तर मात्र धोका वाढतो. भाजल्याचे जुने व्रण, कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळव्यावरील जखमा, हाडातून वाहणारे नाडीव्रण यांतूनही असाच कर्करोग उद्भवू शकतो. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी १८२८ साली अशा चिवट व्रणांचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात त्याला ‘मार्जोलिनचा व्रण’ म्हणतात.

पेशीची वही आणि तिची नक्कल

त्वचेचा वरचा पदर अनेक थरांचा असतो. सर्वांत तळाच्या थरात पेशी एका ओळीत उभ्या असतात. त्या विभागतात, नव्या पेशी वर सरकतात, रुंद आणि चपट्या होतात आणि साधारण महिन्याभराने निर्जीव खवले होऊन झडतात. प्रत्येक जिवंत पेशीच्या पोटात एक केंद्रक असते. हे नाव १८३१ साली स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी रूढ केले. त्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात आणि त्यांतील डीएनएचा धागा उलगडला तर तो सुमारे दोन मीटर भरेल. पेशीने काय करावे, केव्हा विभागावे, केव्हा थांबावे, याचा सारा हिशेब त्या धाग्यात लिहिलेला असतो.

पेशी विभागते तेव्हा या संपूर्ण वहीची नक्कल करावी लागते. नक्कल करताना चुका होतात, आणि त्या दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीतच असते. परंतु जखम कधी भरतच नसेल, तर तिच्या काठावरच्या पेशींना सतत विभागत राहावे लागते. चुका साठतात. उन्हातील अतिनील किरण, तंबाखू, आर्सेनिकयुक्त पाणी हेही त्या धाग्यावर घाव घालतात. अखेर थांबण्याचा आदेश ज्या पानावर लिहिला होता तेच पान बिघडते आणि पेशी थांबेनाशी होते. बिघाड वहीत असतो, म्हणून त्याची पहिली खूण वहीच्या पेटीवर, म्हणजे केंद्रकावर उमटते.

निळा रंग काय दाखवतो

बायोप्सीत काढलेला त्वचेचा तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये बुडवून टिकवतात, मग मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्यातून तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे काप काचपट्टीवर घेऊन त्यांना दोन रंग देतात. पहिला हिमॅटॉक्सिलिन. मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यापासून मिळणारा हा रंग केंद्रकाला निळे-जांभळे करतो. दुसरा इओसिन, जो पेशीच्या उरलेल्या भागाला गुलाबी करतो. गुलाबी पार्श्वभूमीवर निळे ठिपके उठून दिसतात आणि विकृतिशास्त्रज्ञ त्या ठिपक्यांचे वाचन करू लागतो.

कापसाच्या व्यापारात मुरलेला माणूस गाठीतून रुईचा पुंजका काढतो, दोन्ही हातांनी तंतू ओढून त्याची लांबी, ताकद आणि रंग पाहतो आणि अख्ख्या गाठीचा भाव सांगतो. विकृतिशास्त्रज्ञाचे काम याच जातीचे आहे. तो केंद्रकाचे आकारमान पाहतो. त्यासाठी शेजारच्या रक्तवाहिनीतील लाल पेशी त्याची मोजपट्टी असते, कारण ती सुमारे सात मायक्रॉन व्यासाची असते. पेशीच्या मानाने केंद्रक फार मोठे झाले आहे काय? सर्व केंद्रके एका घडणीची आहेत, की प्रत्येक वेगळ्या आकाराचे? आतील क्रोमॅटिन एकसारखे पसरले आहे, की ढेकळे होऊन कडेला साचले आहे? केंद्रकातील केंद्रिका हा लहानसा कण नजरेत भरण्याइतका फुगला आहे काय? आणि विभाजन चालू असलेल्या पेशी कुठे व कशा दिसतात?

प्रत्येक प्रकाराचा वेगळा चेहरा

कमरेच्या व्रणातून निघालेला कर्करोग अहवालात ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ या नावाने येतो. भारतात त्वचेच्या कर्करोगांत हा प्रकार विशेष आढळतो. त्यातील केंद्रके मोठी, बेढब आणि एकमेकांशी मेळ नसलेली असतात. केंद्रिका ठळक असते. निरोगी पेशी विभागताना दोन टोकांकडे समान वाटणी करते. येथे तीन टोकांकडे ओढाताण चाललेली विभाजनेही दिसतात. शिंगी द्रव्याचे एकात एक वलये असलेले गोळे मधूनमधून दिसतात आणि अशा पेशींचे जथे तळाचा पडदा ओलांडून खोल उतरलेले असतात. हीच बेढब केंद्रके त्वचेच्या सर्व थरांत दिसत असली, पण पडदा अजून शाबूत असला, तर तिला बोवेनचा आजार म्हणतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ जॉन बोवेन यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले. ही अवस्था हाती लागली तर आजार खोल जाण्याआधीच तो पूर्ण काढून टाकता येतो.

‘बेसल सेल कार्सिनोमा’चा चेहरा अगदी निराळा. नाक, पापणी, गाल अशा उन्हाला उघड्या जागी मोत्यासारखी चकाकणारी पुळी किंवा कडा उंचावलेला व्रण म्हणून तो दिसतो. त्याची केंद्रके गडद, लंबगोल आणि बऱ्याच अंशी एकसारखी असतात. पेशींची बेटे तयार होतात आणि बेटाच्या कडेची केंद्रके कुंपणाच्या खुंट्यांसारखी ओळीने उभी राहतात. हा कर्करोग शरीरात दूर क्वचितच पसरतो. मात्र दुर्लक्ष केले तर तो जागच्या जागी नाक किंवा पापणी पोखरतो.

तिसरा प्रकार मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पायांवर अधिक दिसतो. भारतीयांत तळवा, टाच आणि नखाखालची जागा ही त्याची विशेष ठिकाणे. त्याच्या मोठ्या, फिकट केंद्रकात गुंजेसारखी लालसर, ठसठशीत केंद्रिका दिसते. साध्या तिळात पेशी जसजशा खोल जातात तसतशी त्यांची केंद्रके लहान आणि शांत होत जातात. मेलॅनोमात खोलवरची केंद्रकेही तितकीच मोठी असतात आणि तेथेही विभाजन चालू असते. अनवाणी विहार करणाऱ्या साधू-साध्वींच्या किंवा शेतात अनवाणी राबणाऱ्यांच्या तळव्यावरचा काळा डाग काट्याचा किंवा ठेचेचा समजून सोडून दिला जातो. वाढत जाणारा, वेड्यावाकड्या कडांचा किंवा रक्त येणारा असा डाग सेवा करणाऱ्यांनी नजरेआड करू नये.

काही दुर्मीळ प्रकारही केंद्रकावरूनच ओळखू येतात. मर्केल पेशींच्या कर्करोगात क्रोमॅटिन बारीक रव्यासारखे दिसते आणि केंद्रके एकमेकांना चिकटून दबलेली असतात. त्वचेच्या एका लसिकापेशीच्या कर्करोगात केंद्रके अक्रोडाच्या गरासारखी वळ्यावळ्यांची होतात. हा आजार अनेक वर्षे इसब समजून मलमांवर काढला जातो. पापणीतील तैलग्रंथींच्या कर्करोगात पेशीत साठलेले तेलाचे थेंब केंद्रकाला बाजूने खड्डे पाडतात. वरून पाहता तो रांजणवाडीसारखा दिसतो. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारी रांजणवाडी, विशेषतः उतारवयात, कापली की तिचा तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे.

हा भेद केवळ नावापुरता नाही. बेसल प्रकारात बहुधा कडेच्या थोड्या निरोगी त्वचेसह गाठ काढली की काम भागते. स्क्वॅमस प्रकारात जांघेतील, काखेतील किंवा मानेतील ग्रंथींचीही तपासणी लागते. मेलॅनोमात त्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजून पुढचा उपचार ठरतो. ही मोजणीची पद्धत अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली मांडली. लसिकापेशींच्या प्रकारात तर शस्त्रक्रिया हा मुख्य उपचारच नव्हे. तेथे औषधे आणि प्रकाशोपचार योजतात. नाव चुकले तर उपचाराची दिशाच चुकते.

साक्षीदारही फसवू शकतो

केंद्रक हा मोठा साक्षीदार खरा, पण एकट्याच्या साक्षीवर निवाडा होत नाही. साध्या जखमेच्या काठावर भरून येणाऱ्या पेशींची केंद्रकेही मोठी होतात, केंद्रिका ठळक होते, विभाजने वाढतात. अननुभवी नजरेला तो कर्करोग वाटू शकतो. याउलट, चामखिळीसारखा वाढणारा ‘व्हेरुकस कार्सिनोमा’ तळव्यावर होतो, तेव्हा त्याची केंद्रके अत्यंत सौम्य, जवळजवळ निरोगी दिसतात. त्याचा अपराध केंद्रकात दिसत नाही. तो रुंद बोटांसारखा खाली रेटत जातो त्यात दिसतो. वरवरचा पातळ तुकडा काढला तर अहवाल ‘साधी चामखीळ’ असाच येणार.

म्हणूनच तुकडा कोठून आणि किती खोल घेतला, याला फार महत्त्व आहे. व्रणाच्या मध्यभागी बहुधा मेलेल्या पेशी आणि पू असतो. तेथील केंद्रके विरघळून गेलेली असतात. तुकडा कडेवरून, निरोगी त्वचेच्या सीमेसह घ्यावा लागतो. मोठ्या जुन्या व्रणात कर्करोग एखाद्याच कोपऱ्यात दडलेला असू शकतो. अशा वेळी चार ठिकाणांहून तुकडे घेतात. शंका उरली तर विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या प्रतिपिंडांची रंगचाचणी करतात. मेलॅनोमा, मर्केल पेशी आणि लसिकापेशी यांतील घोळ तिने पुष्कळदा सुटतो. अहवाल ‘कर्करोग नाही’ असा आला, तरीही व्रण भरत नसेल, तर पुन्हा बायोप्सी मागणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे.

कुटुंबाने काय पाहावे

तुकडा काढला की प्रयोगशाळेपर्यंत तो नेण्याचे काम पुष्कळदा घरच्याच माणसावर येते. येथे एक लहानशी चूक सारे वाया घालवते. तुकडा नुसत्या पाण्यात, सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये ठेवून नेऊ नये. पाण्यात किंवा सलाइनमध्ये काही तास राहिला तर त्यातील केंद्रके फुगतात, फिकट होतात आणि वाचता येत नाहीत. रुंद तोंडाच्या बरणीत पुरेसे फॉर्मॅलिन असावे, तुकडा त्यात पूर्ण बुडालेला असावा आणि बरणीवर रुग्णाचे नाव, तारीख व शरीराची जागा लिहिलेली असावी. सोबतच्या कागदावर माहितीही पूर्ण हवी. व्रण किती महिन्यांचा आहे, तेथे पूर्वी भाजले होते काय, लुगडे अथवा धोतर किती वर्षे त्याच जागी आवळले जाते, ही माहिती विकृतिशास्त्रज्ञाला काचपट्टीवर दिसत नाही. ती घरच्यांनीच द्यायची असते.

अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा यांचीही चौकशी करावी. मेणाचा ठोकळा अनेक वर्षे टिकतो. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला किंवा नागपूरला निदान झाले आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे दुसरे मत हवे असले, तर पुष्कळदा त्याच ठोकळ्यातून नवे काप काढता येतात आणि रुग्णाला पुन्हा चाकूखाली जावे लागत नाही. जमाखर्चाच्या वह्या जपणाऱ्या घरांना कागद जपण्याचे महत्त्व सांगायला नको. हा ठोकळाही त्याच कप्प्यातला दस्तऐवज आहे.

आणखी एक समज दूर व्हायला हवा. ‘सुई लावली, चाकू लावला की कॅन्सर पसरतो,’ असे कोणीतरी सांगतो आणि घरातली वडीलधारी मंडळी बायोप्सीला नकार देतात. त्वचेच्या कर्करोगात योग्य रीतीने केलेल्या बायोप्सीने आजार पसरत नाही. तो पसरतो त्या नकारानंतरच्या महिन्यांत. तितकीच घातक दुसरी रीत म्हणजे तीळ, मस किंवा चामखीळ न तपासता चुन्याने, तेजाबाने वा विजेच्या सुईने जाळून टाकणे. वरचा भाग जळतो, केंद्रके नष्ट होतात, आणि खाली काही उरले असेल तर ते पुरावा मागे न ठेवता वाढत राहते.

घरापुरते सांगायचे तर नियम मोजके आहेत. परकराची नाडी रुंद असावी आणि सैल बांधावी. लुगडे नेसणाऱ्या आजींनी आत सैल परकर घालावा. धोतराची किंवा करदोड्याची जागा मधूनमधून बदलावी. रात्री कमर मोकळी राहू द्यावी आणि आंघोळीनंतर ती जागा कोरडी करावी. तेथे खाज, पांढरे-काळे चट्टे किंवा भेगा दिसल्या तर आवळ आधी सैल करावा, मग मलमाचा विचार करावा. शरीरावर कोठेही, उपचार करूनही महिना-दीड महिन्यात न भरणारा व्रण, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, जुन्या भाजल्याच्या वणावर नव्याने फुटलेली जखम दिसली तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा शल्यविशारदाकडे जावे. हाच न्याय दुकानातील हमालांना, जिनिंगमधील मजुरांना आणि घरकाम करणाऱ्या बायांनाही लावावा; त्यांच्या जखमेकडे पाहायला अनेकदा मालकाच्या घरातलेच डोळे असतात.

कमरेचा व्रण ही संकोचाची जागा आहे. घरातील वृद्ध स्त्री तो सुनेला दाखवत नाही, मुलाला तर सांगतच नाही. पदराखाली कापडाची घडी ठेवून ती दिवस काढते. वर्ध्याच्या हकिकतीतील दीड वर्ष आणि दोन वर्षे बहुधा अशीच गेली असतील. अशा घरात सुनेने किंवा लेकीने स्नानाच्या वेळी, तेल लावताना, सहज म्हणून आपल्या आजींच्या, सासूबाईंच्या कमरेकडे एकदा पाहावे. जे दिसेल ते साधे असेल तर मन हलके होईल. साधे नसेल तर पडदा ओलांडण्याआधी त्याला गाठण्याची ती वेळ असेल.